गाडीत स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायर स्वतः बसवायचा आहे: वायर, अर्थ, फ्यूज, गेन

नवा_चालक

गाडीतला मूळ स्टिरिओ काढून ७ इंची डबल डिन हेड युनिट (डॅशबोर्डमधला, दोन खणांएवढा नवा स्टिरिओ) आणि चार चॅनलचा क्लास डी ॲम्प बसवायचा आहे. ॲम्पवर लिहिलेलं असं: ४ ओहमला ७५ वॉट आरएमएस (सतत देता येणारी ताकद) × ४, ब्रिज केल्यास (दोन चॅनल एकत्र जोडल्यास) ४ ओहमला २२० वॉट × २. बेत असा की ॲम्पच्या पुढच्या दोन चॅनलवर पुढच्या दारांतले कंपोनंट स्पीकर, आणि मागची दोन ब्रिज करून डिकीत १० इंची सबवूफर (सिंगल कॉइल, ४ ओहम, २०० वॉट आरएमएस). मागच्या दारांतले मूळ स्पीकर हेड युनिटवरच ठेवणार.

वायरिंग किट ८ गेजचं आहे. मल्टिमीटर आहे. कामाला हात घालण्याआधी तीन शंका: क्रम काय ठेवावा, ८ गेज पुरेल का, आणि अर्थ (निगेटिव्हचा गाडीच्या बॉडीशी जोड) कुठून घ्यावा?

बारा_व्होल्ट

क्रमाचं मी सांगतो, वायरच्या जाडीचं तांबडी_तार जास्त नेमकं सांगतील.

सगळ्यात आधी, बॅटरीला हात लावण्यापूर्वी, मूळ स्टिरिओवर डावा-उजवा, पुढचा-मागचा असे चारही स्पीकर बॅलन्स आणि फेडर फिरवून ऐकून घ्या. एखादा आधीच फाटलेला असेल तर नंतर तुम्ही नव्या वायरिंगमध्ये दोष शोधत बसाल. एफएमवर एखादं दूरचं स्टेशन कितपत स्वच्छ लागतं तेही लक्षात ठेवा, याचा उपयोग पुढे होईल.

मग किल्ली काढून बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडवा. बहुतेक गाड्यांत १० चा पाना लागतो. पॉझिटिव्ह आधी सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह सुटलेली असेल तर टेकून काही होत नाही. जोडताना उलट: निगेटिव्ह शेवटी. डॅशबोर्ड उघडायचा आहे म्हणून बॅटरी सोडवल्यावर गाडीच्या पुस्तिकेत एअरबॅगसाठी जेवढी मिनिटं थांबायला सांगितलंय तेवढी थांबा. पिवळ्या कनेक्टरच्या आणि पिवळ्या नळीतल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटरसुद्धा लावायचा नाही.

हेड युनिटसाठी तुमच्या गाडीचा अडॅप्टर हार्नेस घ्या. गाडीचा मूळ कनेक्टर कापू नका, ही माझी कळकळीची विनंती. अडॅप्टर असेल तर उद्या मूळ स्टिरिओ पाच मिनिटांत परत बसतो. कापलेली लूम (वायरींची जुडी) मात्र कायमची कापलेली राहते. अडॅप्टरचं एक टोक गाडीत जातं, दुसऱ्या टोकाच्या सुट्या वायरी हेड युनिटच्या वायरींना टेबलावर बसून, चांगल्या उजेडात जोडायच्या. डॅशबोर्डच्या पोकळीत मान वाकडी करून एकही सांधा करू नका.

बाजारातल्या बहुतेक हेड युनिटचे रंग ठरलेले असतात. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट, काळी अर्थ. निळी अँटेनासाठी, निळी-पांढरी ॲम्पच्या रिमोटसाठी (ॲम्पला चालू हो असा इशारा देणारी), नारिंगी डॅशबोर्डच्या दिव्यांसाठी. स्पीकरला पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. काळी रेघ असलेली ती निगेटिव्ह. गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे, तिथे रंगावर विसंबू नका, मीटर लावा.

पाना_पक्कड

वरच्यात भर. आयएसओ कनेक्टर असलेल्या गाडीत पॉवरच्या ठोकळ्यातली ४ क्रमांकाची पिन कायम १२ व्होल्ट, ७ क्रमांकाची किल्लीची, ८ अर्थ, ५ अँटेना आणि ६ दिव्यांची असते. पण काही गाड्यांत ४ आणि ७ यांची अदलाबदल केलेली सापडते. तसंच जोडलं तर गाडी बंद करताच स्टेशनं आणि सेटिंग पुसली जातात. अडॅप्टरवर पिवळ्या-लाल वायरींना बहुतेक वेळा मध्येच काढता-घालता येणारे जोड दिलेले असतात ते याचसाठी.

तपासायची रीत सोपी. बॅटरी तात्पुरती जोडा, मीटर डीसी २० व्होल्टवर, काळं टोक उघड्या लोखंडाला. किल्ली काढलेली असतानाही १२ दाखवते ती पिवळीला. किल्ली ॲक्सेसरीवर आणल्यावरच १२ दाखवते ती लालला. दिवे लावल्यावर जिवंत होते ती नारिंगीला. तपासून झालं की निगेटिव्ह पुन्हा सोडवा.

बल्बवाला टेस्टर वापरू नका. तो वायरीतून बऱ्यापैकी करंट ओढतो, आणि हल्लीच्या गाड्यांत चुकीच्या वायरीला लागला तर कंट्रोल युनिट जाऊ शकतं. मीटर जवळपास काहीच ओढत नाही.

अबोली

नव्या गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत स्टिरिओच्या मागे किल्लीची वायरच नसते. स्टिरिओ चालू-बंद करायचा निरोप कॅन बसवरून (गाडीच्या युनिटांना जोडणाऱ्या डेटाच्या वायरींवरून) येतो. मग लाल कुठे जोडायची?

पाना_पक्कड

दोन वाटा. चांगली वाट म्हणजे त्या गाडीसाठीचा कॅन बस इंटरफेस, तो लाल वायरीला १२ व्होल्ट देतो आणि स्टिअरिंगवरची बटणंही चालवतो. दुसरी म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये किल्लीवर चालणारी जागा शोधून तिथे फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागेतून जादा वायर काढून देणारा जोड) बसवणं. टॅप बसवताना एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल यांच्या फ्यूजच्या वाटेला जाऊ नका; सिगारेट लायटर किंवा मागच्या वायपरसारखी साधी जागा निवडा. लाल आणि पिवळी एकत्र गुंडाळून कायम १२ व्होल्टला जोडणारे असतात. तसं केलं की हेड युनिट कधीच झोपत नाही आणि बॅटरी उतरते.

तांबडी_तार

आता जाडी. आधी करंट काढू. पुढचे दोन ७५ चे, म्हणजे १५०, आणि ब्रिज २२०. एकूण ३७० वॉट. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बॅटरीकडून ३७० ÷ ०.८ म्हणजे सुमारे ४६० वॉट हवेत. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरा, करंट आला ३३ ते ३४ अँपिअर. हाच ॲम्प क्लास एबी असता तर ६० टक्क्यांनी ४५ अँपिअर झाले असते.

बॉनेटपासून डिकीपर्यंत वायर ५ मीटर धरू. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड: ८ गेजचं क्षेत्रफळ ८.४ चौरस मिमी, ४ गेजचं २१. निव्वळ तांब्याच्या ८ गेजमध्ये ५ मीटरला साधारण ०.०१ ओहम रोध येतो आणि ३४ अँपिअरला ०.३५ व्होल्ट वाटेतच पडतात. चालेल, पण काठावर. ४ गेजला हाच आकडा ०.१४ व्होल्ट.

खरी गोम पुढे आहे. किटमधली बरीचशी वायर तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्के. तुमची ८ गेज तशी निघाली तर अर्ध्या व्होल्टहून जास्त पडतील, आणि कॉइलमधून मोठा ठोका जाताना ॲम्पला नेमकी तिथेच उपासमार होईल. ओळखायचं कसं? टोकाची एक तार उपसून घ्या आणि ब्लेडने खरवडा. आतून लालसरच राहिली तर तांबं. वरची लाली जाऊन पांढुरकं दिसलं तर ॲल्युमिनियम. शंका राहिली तर ती तार पकडीत धरून लायटरच्या ज्योतीत न्या: तांबं लाल होऊन तसंच उभं राहतं, ॲल्युमिनियम मऊ होऊन गळून पडतं.

माझं मत: या सिस्टिमला निव्वळ तांब्याची ४ गेज घ्या. अर्थची वायरही ४ गेजच. पॉवर जाड आणि अर्थ बारीक असं करून काही मिळत नाही, करंट दोन्हींतून तेवढाच वाहतो.

फ्यूज बॅटरीपासून वायरीच्या लांबीने ४५ सेंटिमीटरच्या आत. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर वाटेत कुठे घासून बॉडीला टेकली तर बॅटरी तिच्यात शेकडो अँपिअर ओतते, आणि फ्यूज डिकीत असेल तर पेटणारा तुकडा त्याच्या अलीकडचा असतो. तुम्हाला ४ गेजवर ६० अँपिअरचा मिनी एएनएल प्रकारचा फ्यूज योग्य. ॲम्पचे स्वतःचे फ्यूज वेगळे, ते तसेच राहू द्या. बॅटरीजवळच्या होल्डरमधला फ्यूज मात्र सगळं जोडून, तपासून झाल्यावर शेवटी बसवायचा.

नवा_चालक

तार खरवडली. आतून पांढुरकी. किटची पॉवर वायर बाजूला ठेवली, ४ गेज तांब्याची घेतो. आता ती बॉनेटमधून आत कशी आणू?

पाना_पक्कड

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यात गाडीची मूळ लूम जिथून आत येते तिथे मोठं रबरी ग्रोमेट असतं. त्याच्या कडेच्या रिकाम्या भागाला बारीक छेद द्या, ताठ तार (जुनी क्लच केबल किंवा हँगरची तार) आतून बाहेर काढा, टोकाला पॉवर वायर टेपने निमुळती बांधा आणि ओढा. रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं की सरकते. काही गाड्यांत मोकळी भोकं रबरी बुचांनी बंद केलेली असतात, मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर क्लच पेडलच्या वरच्या बाजूला पाहा.

नवं भोक पाडायची वेळ आली तर पलीकडे काय आहे ते दोन्ही बाजूंनी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ड्रिल लावू नका. पाडल्यावर कड कानसेने गुळगुळीत करा, उघड्या पत्र्याला रंग लावा, ग्रोमेट बसवा. पत्र्याची धार महिनोन्‌महिने थरथरत वायरीवर घासते आणि एक दिवस तांब्यापर्यंत पोचते.

बॉनेटमध्ये वायरीवर नालीदार नळी चढवा, सायलेन्सरच्या पाइपापासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून लांब ठेवा, दर २०-२५ सेंटिमीटरला केबल टाय. आत आल्यावर दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिक पट्टी उचकटून तिच्याखालून मागे न्या. पट्ट्या उचकटायला प्लॅस्टिकचीच पाती वापरा. थंडीच्या सकाळी क्लिपा ठिसूळ होऊन पटापट तुटतात, गाडी थोडी उन्हात राहू द्या.

आरसीए केबल (हेड युनिटपासून ॲम्पपर्यंत आवाजाचा सिग्नल नेणारी) मात्र गाडीच्या दुसऱ्या बाजूने किंवा मधल्या कन्सोलखालून न्या. पॉवरला कुठे ओलांडावीच लागली तर काटकोनात. निळी-पांढरी रिमोट वायर आरसीएबरोबर चालते, तिच्यात करंट नगण्य असतो.

मंद्रसप्तक

आता स्पीकर वायरीचं. पुढच्या स्पीकरसाठी ॲम्पपासून दारापर्यंत १६ गेज पुष्कळ झाली, सबला १२ किंवा १४. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीतून नवी वायर ओढणं हे सगळ्या कामातलं सर्वांत किचकट काम. काही दारांत तिथे नळीऐवजी ठोकळा-कनेक्टर असतो, त्यातून वायर जातच नाही. अशा वेळी ॲम्पपासूनची वायर डॅशबोर्डमागे आणून मूळ स्पीकर वायरीला जोडा. ७५ वॉटला दारातली दीड-दोन मीटर मूळ वायर चालते.

कानसेन

सांध्यांबद्दल कुणी बोललं नाही. वायरी पिळून टेप गुंडाळणं बंद करा. बंद गाडी उन्हात तापली की टेपचा गोंद वितळतो, टेप सुटते आणि उघडं तांबं डॅशबोर्डच्या मागे लोंबत राहतं. वायर डाखून वर हीट श्रिंक चढवा.

तांबडी_तार

टेपबद्दल शंभर टक्के सहमत, डाखण्याबद्दल थोडं वेगळं मत. डाख वायरीच्या तारांमध्ये वर चढतो, आणि तो जिथे संपतो तिथे लवचीक वायर एकदम ताठ होते. सततच्या थरथरीत ती नेमकी त्या सीमेवर तुटते. टेबलावर केलेला, हीट श्रिंक चढवलेला आणि टायने लूमला बांधलेला डाखाचा सांधा टिकतो, हे मान्य. पण नीट क्रिंप केलेला सांधा तितकाच चांगला आणि दहापट लवकर होतो. ६-७ मिमी सोलायचं, योग्य मापाचा जोड घ्यायचा, आणि रॅचेटवाली पक्कड वापरायची. साध्या पकडीने दाबलेला क्रिंप हा क्रिंपच नाही. झाल्यावर दोन्ही बाजूंनी ओढून पाहा, सुटला तर आत्ता सुटू दे.

४ गेजच्या लगला (वायरीच्या टोकाला बसणारा, बोल्टखाली जाणारा धातूचा जोड) मात्र हायड्रॉलिक किंवा हातोडीवाला क्रिंपर लागतो. आणि ॲम्पच्या टर्मिनलमध्ये डाखलेलं टोक कधी घालू नका. स्क्रूच्या दाबाखाली डाख हळूहळू दबत जातो आणि जोड सैल होतो. तिथे फेरुल (वायरीच्या टोकावर दाबून बसवायची धातूची नळी) घाला.

बारा_व्होल्ट

अर्थ. हा या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. ॲम्प गरम होणं, मध्येच बंद पडणं, शिट्टी, बेस दुबळा वाटणं, या तक्रारींत मी आधी अर्थ उघडून पाहायला सांगतो.

जागा ॲम्पपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, गाडीच्या मुख्य सांगाड्याच्या जाड पत्र्यावर. सीटबेल्टचा बोल्ट अर्थसाठी वापरायचा नाही. तो ठरलेल्या ताणाने आवळलेला सुरक्षेचा बोल्ट आहे, त्याच्याखाली लग घालून तो ताण बदलू नका. स्टेपनीचा आटाही नको: त्यावर रंग असतो, कित्येकदा तो पातळ पत्र्यावर नुसता टाचलेला असतो, आणि स्टेपनी काढली की अर्थही गेला. गाडीत मुळातच डिकीच्या कडेला अर्थचे बोल्ट असतात, मागच्या दिव्यांची लूम जिथे बॉडीला बांधलेली असते तिथे. पुरेसा जाड असेल तर तो घ्या. नसेल तर एम ८ चा नवा नट-बोल्ट. खाली पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप असतात, तेव्हा ड्रिल करण्याआधी गाडीखाली जाऊन पाहा.

पत्रा कसा तयार करायचा ते नीट सांगतो, कारण इथेच लोक घाई करतात. लगपेक्षा थोडा मोठा गोल पॉलिश पेपरने घासा. आधी वरचा रंग जातो, मग खालचा राखाडी प्रायमर दिसतो. पुष्कळ जण त्या राखाडीला लोखंड समजून थांबतात. प्रायमरही विजेला अडवतो. बोटाखाली थंड, आरशासारखी चमकणारी धातू दिसेपर्यंत घासा. मग लग थेट पत्र्यावर, वर दात्यांचा वायसर, मग नट. आवळून झाल्यावर लग हाताने फिरवून पाहा, तसूभरही हलता कामा नये. सगळ्यात शेवटी वरून रंगाचा फवारा किंवा पेट्रोलियम जेली, म्हणजे गंज धरत नाही. जेली आधी लावायची नाही.

अबोली

अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हवरूनच ओढली तर जास्त चांगलं नाही का?

बारा_व्होल्ट

नेहमीच नाही. गाडीची बॉडी ही कुठल्याही वायरीपेक्षा जाड वाहक आहे. शिवाय नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर असतो, तो आत-बाहेर जाणारा करंट मोजून चार्जिंग ठरवतो. ॲम्पची अर्थ थेट खांबावर, सेन्सरच्या अलीकडे जोडली तर तेवढा करंट त्याच्या हिशेबातच येत नाही. म्हणून बॉडीवर.

नवा_चालक

सगळं बसलं आणि वाजतंही आहे. पण तीन अडचणी आहेत. एक, इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, रेस दिली की तिचा सूर चढतो. दोन, एफएमवर जवळची दोन स्टेशनं सोडून काही लागत नाही. तीन, सब वाजतो पण बेस पोकळ वाटतो. अर्थ डिकीतल्या एका तयार बोल्टवर घेतली आहे, रंग घासून.

मंद्रसप्तक

दुसरीचं उत्तर लगेच. बॅटरी सोडवण्याआधी एफएम ऐकून घ्यायला सांगितलं होतं ते यासाठीच. हल्लीच्या अँटेनात छोटा ॲम्प्लिफायर असतो, त्याला १२ व्होल्ट लागतात. मूळ स्टिरिओ ते अँटेनाच्या केबलमधून किंवा स्वतंत्र वायरीतून पाठवायचा. अँटेना अडॅप्टरवर एक सुटी निळी वायर लोंबत असेल पाहा, ती हेड युनिटच्या निळीला जोडा.

तिसरीसाठी आधी फेज (स्पीकरच्या प्लस-मायनसची दिशा) पाहा. सबच्या वायरी ॲम्पकडे उलट करून तेच गाणं लावा आणि चालकाच्या जागेवरून ऐका. ज्या बाजूने बेस भरीव लागेल ती ठेवा. पुढच्या दारांचे स्पीकर एकमेकांशी उलट लागले असतील तर आवाज मध्यभागी येत नाही, बाजूंना पसरतो. दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या वायरींना क्षणभर टेकवा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. हे करताना वायर ॲम्पपासून सोडवलेली असू द्या, आणि ट्वीटरला थेट सेल लावू नका.

बारा_व्होल्ट

शिट्टीकडे येऊ. रेसबरोबर सूर चढतो म्हणजे अल्टरनेटरचा आवाज. तो आरसीएच्या जाळीतून शिरतो. हेड युनिटची अर्थ आणि ॲम्पची अर्थ यांच्यात थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी करंट आरसीएच्या बाहेरच्या जाळीतून वाट काढतो, आणि ॲम्प त्यालाच संगीत समजून मोठं करतो.

फिल्टर विकत घेण्याआधी एवढं करा. इंजिन चालू ठेवा. आवाज शून्य करा: शिट्टी तेवढीच राहिली तर ती हेड युनिटच्या आवाजाच्या बटणानंतर शिरते आहे. ॲम्प बंद करून आरसीए काढा आणि परत चालू करा: शिट्टी गेली तर ॲम्प निर्दोष. मग ॲम्पच्या आरसीएमध्ये मोबाइल जोडा, चार्जरवर नसलेला. शांत असेल तर गुन्हेगार आरसीए केबल, हेड युनिट किंवा अर्थ.

आता मोजमाप. ओहमच्या पट्टीवर अर्थ तपासू नका. साध्या मीटरच्या दोन टोकांचाच रोध ०.२ ते ०.५ ओहम असतो, आणि आपल्याला त्याहून किती तरी लहान आकडा शोधायचा आहे. डीसी व्होल्ट लावा. लांब वायर घेऊन काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल टोक ॲम्पच्या अर्थ टर्मिनलच्या स्क्रूवर. सबवर बेस जोरात वाजू द्या आणि आकडा वाचा. ०.१ व्होल्टच्या आत हवा. मग लाल टोक हेड युनिटच्या धातूच्या खोक्याला लावून तेच मोजा.

नवा_चालक

आवाज शून्य केला तरी शिट्टी तशीच. आरसीए काढल्यावर जाते. मोबाइल लावल्यावर शांत.

ॲम्पची अर्थ: बेस वाजताना ०.४२ व्होल्ट. हेड युनिटचं खोकं: ०.०६.

बारा_व्होल्ट

सापडलं. ०.४२ म्हणजे तो बोल्ट. घासला असाल, पण बोल्ट ज्या पट्टीवर आहे तिला मुख्य पत्र्याशी चांगला जोड नसणार. टर्मिनल ते लग, लग ते पत्रा, पत्रा ते बॅटरी असं तुकड्यातुकड्याने मोजा, जिथे आकडा उडी मारेल तिथे दोष. पोकळ बेसचं एक कारणही हेच असू शकतं.

तांबडी_तार

अर्थ उघडताना आधी बॅटरीजवळचा फ्यूज काढा. ॲम्पची अर्थ सुटलेली आणि पॉवर व आरसीए जोडलेल्या असतील तर ॲम्पचा सगळा करंट आरसीएच्या जाळीतून हेड युनिटमार्गे परत जायला बघतो. हेड युनिटच्या आत त्या वाटेवर पातळसा ट्रॅक किंवा किड्याएवढा फ्यूज असतो, तो क्षणात जळतो, आणि मग कायमची शिट्टी लागते. जळलाय का ते पाहायला: सगळं सोडवून आरसीएची बाहेरची कडी आणि हेड युनिटचं खोकं यांच्यात ओहम मोजा. बहुतेक हेड युनिटमध्ये ते शून्याच्या जवळ असतं.

नवा_चालक

फ्यूज काढून तपासलं. आरसीए कडी ते खोकं ०.३ ओहम, म्हणजे मीटरच्या टोकांइतकंच. अर्थचा आकडा लग आणि मुख्य पत्रा यांच्यामध्ये उडी मारत होता. बोल्ट एका बिजागरीच्या पट्टीवर होता आणि ती पट्टी रंगावर बसवलेली. नवी जागा चाकाच्या कमानीजवळच्या जाड पत्र्यावर, खाली पाहून, एम ८ चा बोल्ट, प्रायमर पूर्ण काढून. आता बेस वाजताना ०.०४ व्होल्ट. शिट्टी बंद. निळी वायर जोडल्यावर एफएम पूर्ववत. सबची फेज उलटी करून पाहिली, उलट जास्त भरीव लागते, तशीच ठेवली.

गेन कुठे ठेवू?

मंद्रसप्तक

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. हेड युनिटचा सिग्नल आणि ॲम्प यांची सांगड घालण्याचा तो स्क्रू आहे. जास्त ठेवला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि कापलेली लाट कॉइल भाजते.

हेड युनिटचा इक्वलायझर सपाट, लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद. ॲम्पवरचा बेस बूस्ट शून्य, तो कायमचाच शून्य राहू द्या. स्पीकर ॲम्पपासून सोडवा. इंजिन चालू. हेड युनिटचा आवाज कमाल ४० असेल तर ३० वर. शून्य डेसिबलचा शुद्ध साइन टोन लावा: सबसाठी ५० हर्ट्झ, पुढच्यांसाठी ४०० हर्ट्झ. १००० हर्ट्झ नको, कारण साध्या मीटरचा एसी आकडा ४०० च्या वर भरवशाचा राहत नाही.

आकडा काढायचा सूत्राने: वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. पुढच्यांना ७५ × ४ = ३००, वर्गमूळ १७.३ व्होल्ट. सब २०० वॉटचा आहे, म्हणून ॲम्पचे २२० न धरता २०० × ४ = ८००, वर्गमूळ २८.३. मीटर एसीवर लावून गेन शून्यापासून हळूहळू चढवा आणि आकडा आला की थांबा. ही कमाल मर्यादा समजा. भाराशिवाय मोजलेला आकडा आहे. स्पीकर जोडल्यावर व्होल्टेज थोडं बसतं आणि लाट जरा आधी कापली जाऊ शकते. ऐकताना खरखर जाणवली तर अजून खाली या. ऑसिलोस्कोप मिळाला तर सर्वांत उत्तम.

पुढच्यांना हाय पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झ, सबला लो पास (वरचे सूर अडवणारा) ८०. फिल्टर हेड युनिटवर लावा किंवा ॲम्पवर, दोन्हीकडे एकदम नको, उतार दुप्पट होतो आणि मध्ये खड्डा पडतो. फिल्टर बदलले की सबची फेज पुन्हा एकदा ऐकून ठरवा.

अबोली

हेड युनिटवर ४ × ५० वॉट लिहिलंय, तरी ॲम्प का लागतो हे अजून कळलं नाही.

तांबडी_तार

५० हा क्षणिक कमाल आकडा. १४.४ व्होल्टवर ब्रिज पद्धतीने साइन लाटेचा शेंडा फार तर १४.४ पर्यंत जातो, म्हणजे आरएमएस १०.२ व्होल्ट. ४ ओहमला १०.२ चा वर्ग भागिले ४, आदर्श स्थितीतही २६ वॉट. आतली घट धरून हाती येतात १८ ते २२. वेगळ्या ॲम्पमध्ये आधी १२ व्होल्ट वाढवून घेणारा पॉवर सप्लाय असतो, म्हणून तो याच्या पलीकडे जातो. आणि हो, हेड युनिटच्या स्पीकर निगेटिव्ह वायरी कधीही बॉडीला किंवा एकमेकींना जोडू नका, त्या अर्थ नसतात.

पाना_पक्कड

नवा_चालक, एक मोजणी राहिली. सगळं बंद, दारं लॉक, अर्धा तास थांबा म्हणजे गाडीची युनिटं झोपतात. बॉनेट आधीच उघडं ठेवा. मीटर १० अँपिअरच्या भोकात, निगेटिव्ह खांब आणि सोडवलेली केबल यांच्यामध्ये. केबल सोडवण्याआधी मीटरची टोकं दोन्हींकडे लावून घ्या, म्हणजे गाडी पुन्हा जागी होत नाही. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर निश्चिंत. ३०० दाखवलं तर ४० एएचची बॅटरी साडेपाच दिवसांत पूर्ण रिकामी होते, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. तसं निघालं तर रिमोटची निळी-पांढरी वायर पाहा: किल्ली काढल्यावर तिथे शून्य व्होल्ट यायला हवेत.

नवा_चालक

गेन लावला: पुढचे १७.१, सब २८.० व्होल्ट. दोन्ही फिल्टर ॲम्पवर ८० ला, हेड युनिटवरचे बंद. फेज पुन्हा ऐकली, आहे तीच बरोबर. झोपेतला करंट आधी २१० मिलिअँपिअर आला. निळी-पांढरीवर किल्ली काढल्यावरही १२ व्होल्ट होते. लाल वायर मी ज्या फ्यूज टॅपवर घेतली होती ती जागा कायम चालू निघाली. सिगारेट लायटरच्या जागेवर हलवली, आधी मीटरने खात्री करून. आता ३८ मिलिअँपिअर.